पट्टी कोणती तुमची?

रविवारी रात्री कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. सहकुटुंब बघता येईल असं संगीत बालनाट्य बसवतोय. गाणारी, नाचणारी, नुसती बोलणारी, सगळी मुलं-मुली हवीत. अनुभवाची अट नाही. मानधन नाही, चहा आहे. ऑडिशन ठाण्याला, नाहीतर कल्याणला, नाहीतर वसईला. आणि तुम्ही राहता गणेशपुरीला. मेसेजवर एक अंगठा टाकता आणि पुढे सरकता. आपलं काम नाही ते.

का नाही, असं कुणी विचारलं तर साधारण तीन कारणं निघतात. एक, गाणं शिकलेलो नाही. दोन, बोलणं गावठी आहे, ‘ण’ आणि ‘ळ’ घसरतात. तीन, तालीम सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. यातली पहिली दोन कारणं पोकळ आहेत आणि तिसरं शंभर टक्के खरं आहे. गंमत अशी, की पहिल्या दोनांवर आपण रात्रभर कूस बदलत विचार करतो आणि तिसऱ्याबद्दल ऑडिशनला जाऊनही कुणाला एक शब्द विचारत नाही.

आधी गाण्याचं बघू. संगीत नाटक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो शालू, पेटी, तबला आणि न संपणारी तान. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी माणसाच्या डोक्यात हे चित्र पक्कं बसलंय. त्या परंपरेत नट आधी गवई असायला लागायचा, हेही खरं. पण तुम्हाला आलेला मेसेज ‘सौभद्र’साठी नाहीये. कुटुंबासाठी केलेल्या संगीत नाटकात पाच-सहा जण एकटे गातात आणि उरलेले पंधरा-वीस जण मिळून गातात. गाव, जंगल, बाजार, राक्षसाची फौज, राजाचा दरबार, लग्नाची वरात, हे सगळं हे पंधरा-वीस जणच असतात. निवडीच्या वेळी दिग्दर्शकाची खरी डोकेदुखी हीच असते. एकटा छान गाणारा मिळतो हो. शेजारच्याचं ऐकत ऐकत गाणारा मिळत नाही.

आणि हे काम तुमच्या गावात रोज चालतं. नित्यानंद स्वामींच्या मंदिरात भजन ऐकत तुम्ही मोठे झालात. आजूबाजूच्या प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. बुवा एक ओळ टाकतात, मागचे ती उचलतात. बुवांनी लय वाढवली की टाळ आपोआप वाढतो, कुणी ‘आता वाढवा’ असं सांगत नाही. त्या मागच्या रांगेत तुम्ही चार गणपती आणि दोन हरिनाम सप्ताह बसला असाल, तर कोरस म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं शिकवायची गरज नाही. अडचण एकच, फॉर्मवर ‘गायनाचा अनुभव’ अशी रेघ आली की आपण ती कोरी सोडतो. भजनी मंडळ, टाळ, चार वर्षं, असं सरळ लिहा. आजी लग्नातले धवळे म्हणत असेल आणि तुम्ही तिच्या मागे म्हणत असाल, तर तेही लिहा.

मागची रांग म्हणजे उरलेल्यांची जागा, असं वाटत असेल तर ‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट माहीत असायला हवी. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात याचा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाटक करणारी संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे चक्क हौशी. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. नाटकाच्या मध्यभागी होती माणसांची एक रांग. ती गाते, डोलते, पाठ फिरवते, भिंत होते, पडदा होते, तिच्याआडून पात्रं येतात आणि तिच्यातच विरून जातात. ती रांग काढून घेतली तर घाशीराम उरत नाही, फक्त एक ऐतिहासिक गोष्ट उरते. पुढे हे नाटक युरोपात गेलं, तेव्हा तिथल्या लोकांना मराठी कळत नव्हतं. ती रांग कळत होती.

तर ऑडिशनला गायचं काय? इथे बहुतेक जण एकच घोटाळा करतात. मोबाइलवर कराओके ट्रॅक लावतात आणि मूळ गायकाच्या पट्टीत गायला लागतात. मूळ गायक कोण, तर कुणीतरी अफाट आवाजाचा माणूस. मुखडा कसाबसा निघतो, अंतऱ्यात आवाज फाटतो आणि समोरच्याला कळतं फक्त एवढंच, की या मुलाला स्वतःचा आवाज माहीत नाही. त्याऐवजी आठ दिवस आधी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना गाठा आणि विचारा, काका, माझी पट्टी कुठली बघा जरा. ते दोन-चार सूर धरून सांगतील : काळी एक, पांढरी दोन, मुलगी असेल तर कदाचित काळी चार किंवा आसपास. या एका माहितीने अर्धं काम होतं. ऑडिशनच्या खोलीत पेटी घेऊन कुणी बसलं असेल आणि त्याने विचारलं, “पट्टी कोणती तुमची?” तर दोन शब्दांत उत्तर देता येतं. सोबत वाजवणाऱ्याचा चेहरा बघा तेव्हा, एकदम खुलतो.

भजनात बसणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र आहे. भजनाची पट्टी उंच असते आणि तिथे मोकळ्या गळ्याने, ताकदीने गायचं असतं. ती सवय नाटकात थोडी मोडावी लागते. समोर माइक असेल, बाजूला दहा वर्षांची पोरं गात असतील, त्यांच्यावर तुमचा आवाज चढला की त्यांचं गाणं मेलं. म्हणून सराव करताना एक ओळ पूर्ण आवाजात आणि तीच ओळ शेजारी बाळ झोपलंय असं समजून म्हणा. दोन्ही वेळा शब्द सारखेच ऐकू आले पाहिजेत.

गाणं निवडा साधं. एक मुखडा, एक अंतरा, बस्स. सव्वा मिनिटाच्या पुढे कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे, बाहेर पन्नास जण बसलेत. नाट्यपद शिकला नसाल तर नाट्यपदाच्या वाटेला जाऊ नका. ज्यात काहीतरी घडतंय असं गाणं घ्या : कुणीतरी रागावलंय, कुणीतरी लपवतंय, कुणीतरी हट्ट करतंय. नाटकात गाणं हे बोलणंच असतं, बोलून भागत नाही म्हणून पात्र गायला लागतं. लहानपणीचं एखादं बडबडगीत खरोखर चिडून गाऊन दाखवलंत, तर तुम्हाला शंभर टक्के दुसऱ्यांदा बोलावतील. आदल्या रात्री कुणाच्या हळदीत डीजेसमोर ओरडायला मात्र जाऊ नका.

आता ते ‘ण’ आणि ‘ळ’. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, अंबाडी या पट्ट्यात घरात आगरी बोलली जाते, पाड्यांवर वारली आणि कातकरी. पाण्याचं ‘पानी’ होतं, डोळ्याचा ‘डोला’ होतो. शहरातल्या खोलीत पहिलं वाक्य बोलताना हेच डोक्यात फिरत असतं, आणि मग आपण इतकं जपून, इतकं घासूनपुसून बोलतो की ते बोलणंच राहत नाही. वर्तमानपत्र वाचल्यासारखं होतं.

या विषयावर तर एक अख्खं नाटक आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, १९७५ मध्ये ते रंगमंचावर आलं आणि भक्ती बर्वेंची फुलवाली मंजुळा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. फुलं विकणारी एक मुलगी आणि तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवायची पैज लावणारा प्रोफेसर. त्याच शॉच्या नाटकावरून तिकडे १९५६ मध्ये ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ हे म्युझिकल झालं होतं. दोन्हीकडे प्रेक्षकांनी प्रेम कुणावर केलं? प्रोफेसरवर नक्कीच नाही. आणि जरा विचार करा, मंजुळेचं काम करणाऱ्या नटीला दोन्ही भाषा याव्या लागतात. घरची आणि प्रमाण. जिला फक्त प्रमाण येते तिला ही भूमिका अर्धीच करता येईल. दोन्ही येणारी माणसं आहेत कुठे, तर तुमच्या वर्गात, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

म्हणजे उच्चारांकडे दुर्लक्ष करा असं नाही. राजाचा प्रधान ‘बान’ म्हणाला आणि त्याला ‘बाण’ म्हणायचं होतं, तर ते चुकलंच. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन करा, पेपरातलं काहीही चालेल, ‘ण’ आणि ‘ळ’ला जीभ कुठे लागते ते बघा, दोन आठवड्यांत फरक पडतो. ते पात्राच्या गरजेसाठी करायचं, लाज वाटते म्हणून नाही. आणि ऑडिशनच्या टेबलामागे बसलेलं कुणी तुमच्या बोलण्यावर फिदीफिदी हसलं, तर त्या संस्थेत तीन महिने काढायचे का, हा निर्णय तुम्ही तिथेच घेऊ शकता. निवड दोन्ही बाजूंनी होत असते.

याच ठाणे जिल्ह्यातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. रत्नाकर मतकरी हे नाव तुम्हाला ‘अलबत्या गलबत्या’मुळे नाहीतर गूढकथांमुळे माहीत असेल. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने त्यांचं ‘मधुमंजिरी’ केलं, तिथून मराठी बालरंगभूमीचा मोठा रस्ता सुरू झाला. (त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं, जे आपल्या बीकेसीत पोचायला २०२३ साल उजाडलं.) मतकरी आणि प्रतिभा मतकरींनी मग स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि अनेक वर्षं मुलांसाठी नाटकं केली. पण सगळ्यात वेगळं काम त्यांनी उतारवयात केलं. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यात त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमधली मुलं-मुली आपल्याच आयुष्यातले विषय घेऊन आपल्याच बोलीत नाटिका बसवतात आणि लोकांसमोर करतात. इतकी यशस्वी व्यावसायिक नाटकं लिहिलेल्या माणसाला हे करायची काय गरज होती? पण ज्या पोरांना नाट्यगृहाचं तिकीट परवडत नाही त्यांनी थेट रंगमंचावरच यावं, असं त्यांना वाटलं. मतकरी २०२० मध्ये गेले. तुम्ही ज्या खोलीत ऑडिशनला जाणार आहात ती याच जिल्ह्यात किंवा त्याच्या वेशीवर आहे, एवढं लक्षात असू द्या.

‘अलबत्या गलबत्या’वरून आणखी एक. त्या नाटकातली सगळ्यात गाजलेली भूमिका राजकन्येची नाही, चेटकिणीची आहे. ती पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ च्या नव्या प्रयोगात वैभव मांगले यांनी. दोघेही पुरुष, आणि पोरं दोघांवरही फिदा. तेव्हा फॉर्मवर ‘कोणती भूमिका करायला आवडेल’ असं विचारलं असेल तर हीरो किंवा हिरॉईन लिहून मोकळे होऊ नका. ‘कोणतीही’ लिहा, आणि मनापासून लिहा. या प्रकारच्या नाटकात मांजर, पोपट, म्हातारी, झाड, ढग, अशी एक से एक कामं असतात. समोर बसलेलं सहा वर्षांचं पोर तुम्हाला मध्येच ओरडून विचारतं, “तो मागे आहे, दिसत नाही का?” त्याला ढगानेही उत्तर द्यावं लागतं.

वाचनाच्या फेरीत काय होतं, तेही सांगते. हातात संहितेचं एक पान देतात आणि पाच मिनिटं. बहुतेक जण ती पाच मिनिटं वाक्यं पाठ करण्यात घालवतात. त्यापेक्षा पान एकदा पूर्ण वाचा आणि एवढंच शोधा, की मी कुणाशी बोलतोय आणि मला त्याच्याकडून काय पाहिजे. वाचताना वाक्याच्या शेवटी डोळे कागदावरून वर आणा. एकदा वाचून झालं की दिग्दर्शक बहुतेक वेळा म्हणतो, “छान. आता हेच घाईत असल्यासारखं कर.” इथे चेहरा पाडू नका. पहिलं चुकलं म्हणून तो दुसऱ्यांदा करायला सांगत नाही. सांगितलेला बदल तुम्हाला घेता येतो का, हे तो बघतोय. ज्याने दोन्ही वेळा तंतोतंत तेच केलं, कितीही सुंदर का असेना, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागतं.

नाचाच्या फेरीला मुलगे सगळ्यात जास्त घाबरतात. दहा-दहाचा गट करतात, आठ मात्रांचे चार तुकडे शिकवतात आणि लगेच करायला लावतात. सगळ्यांचं चुकतं. नृत्यदिग्दर्शक बघतो की चुकल्यावर कोण थांबतं आणि कोण पुढच्या मात्रेवर परत येतं. ज्यांनी पाड्यावर तारपा नाच केलाय त्यांना हे सोपं जावं. कमरेला हात गुंफलेले असतात, तारपा वाजवणाऱ्याने चाल बदलली की पावलं बदलतात, आणि थांबलात तर अख्खी साखळी अडखळते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा त्यातला नियमही नाटकात कामाला येतो. फक्त एक करा, गटात शेवटच्या रांगेत लपू नका. दुसऱ्या रांगेत उभं राहा. पुढचा दिसतो आणि तुम्हीही दिसता.

आता खरी अडचण. एसटी.

हौशी नाटकाच्या तालमी संध्याकाळी असतात, कारण निम्मे लोक नोकरी करून येतात. सात ते दहा ही ठरलेली वेळ. दहाला ठाण्यात तालीम सुटली तर गणेशपुरी गाठायचं कसं? वज्रेश्वरी फाट्यापर्यंत शेअर रिक्षा मिळेल न मिळेल, भिवंडी-वाडा रस्त्याबद्दल तर न बोललेलं बरं. मुलगा असाल तर घरचे एक वेळ मित्राच्या बाइकवर सोडतील, मुलगी असाल तर पहिल्याच रात्री नाटक बंद. कितीतरी चांगल्या मुली गाणं न येण्यामुळे नाही, साडेआठच्या गाडीमुळे नाटकातून गेल्यात. आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी दिग्दर्शकाला हे सांगितलंच नव्हतं. नाव आलं, चार तालमी केल्या, आणि मग घरून फोन.

म्हणून ऑडिशनच्या दिवशीच बोला. फॉर्मवर लिहा : मला साडेसातला निघावं लागतं, रविवारी दिवसभर येऊ शकते. हे लिहिल्याने निवड जाईल असं वाटतं, पण कोरसचे प्रवेश रविवारी दिवसा बसवता येतात, एकट्याची गाणी वेगळी घेता येतात, शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी मुलींची राहायची सोय करता येते. समजूतदार संस्था हे जमवते. ज्यांना जमवायचं नाही त्यांचंही पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. त्याच दिवशी प्रयोगांच्या तारखाही विचारा. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी दिवाळीनंतर येते, म्हणजे तुमच्या सेमिस्टरच्या उरावर. परीक्षेचं वेळापत्रक आणि तालमीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा आणि मगच हो म्हणा.

आणखी काही गोष्टी विचारायला अजिबात लाजू नका. ऑडिशनसाठी पैसे मागितले, ‘रजिस्ट्रेशन’, ‘पोर्टफोलिओ’, ‘कॉस्च्युम डिपॉझिट’, नाव काहीही असो, तर तिथून निघा. हौशी नाटकात मानधन नसतं हे मान्य, पण काम करायला मिळावं म्हणून आपण पैसे भरायचे, हा धंदा वेगळा. ऑडिशन शाळेत, हॉलमध्ये, वाचनालयात, चारचौघांत होते. कुणी एकट्याला ‘वेगळी टेस्ट’ घ्यायला फ्लॅटवर किंवा लॉजवर बोलावलं तर जायचं नाही, आणि ग्रुपवर इतरांना सांगायचं. तालमीत जबाबदार बाई कोण आहे, हे मुलींनी नावानिशी विचारावं. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांची सही लागेल, तेव्हा त्यांनाच एक दिवस तालमीला घेऊन जा. त्यांचं निम्मं टेन्शन तिथेच उतरतं. लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारून ठेवा, कारण तीन महिने घाम गाळल्यावर प्रयोगच अडकला तर काय करणार?

निकाल आठ-दहा दिवसांनी फोनवर किंवा ग्रुपवर येतो. नाव नसेल तर एक मेसेज टाका, ‘पडद्यामागे काही काम आहे का?’ प्रकाश, कपडे, रंगभूषा, सामान, पोरांना विंगेत शांत बसवणं, अशा साहित्यात मुरलेली माणसं हौशी संस्थांना कायम कमी पडतात, आणि पुढच्या नाटकाच्या वेळी आधी त्यांनाच विचारलं जातं. नाव कोरसमध्ये असेल तर पहिल्या तालमीला जाताना संहिता, पाण्याची बाटली आणि पेन्सिल न्या. पेन नको. हालचाली लिहून घ्यायच्या असतात आणि दिग्दर्शक त्या निदान तीनदा बदलतो.